विक्री, निर्मिती आणि दुरुस्ती

एखादा समाज कोणते खेळ खेळतो हे त्याच्या हवेवर, परंपरेवर आणि शाळांच्या वेळापत्रकावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते त्या खेळाचे पहिले साधन हाती येण्यास किती पैसे मोजावे लागतात यावरही अवलंबून असते. आणि ज्यांनी महाराष्ट्रातील तालमी व शाळांची मैदाने जवळून पाहिली आहेत त्यांना हे पटवून देण्यासाठी फारशा पुराव्याची जरुरी पडू नये. कबड्डीला आखलेल्या अंगणाखेरीज काही लागत नाही, खो-खोला दोन खांब पुरतात, आणि मल्लखांब तर एका सागवानी किंवा शिसवी खांबावरच उभा राहिलेला व्यायामप्रकार आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखविले, तेव्हा त्यांचे खरे भांडवल कमावलेले शरीर हेच होते, दुकानातून आणलेला माल नव्हे. याउलट क्रिकेट, टेनिस, सायकल यांची गोष्ट. आणि ज्या बॅडमिंटनचे आरंभीचे नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अंमलदारांनी बसविले, त्या बॅडमिंटनचीही तीच गोष्ट. तेथे खेळाडू मैदानात उतरण्याआधी दुकानाची पायरी चढतो, आणि ती पायरी उंच असेल तर पुष्कळांचा खेळ तेथेच संपतो.

पेशाने मी क्रीडाशिक्षक. नोकरीच्या काळात शाळेच्या क्रीडासाहित्याची जडसंग्रह नोंदवही माझ्या ताब्यात असे. तीत खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, नगांची संख्या आणि दर यांचे रकाने मोठ्या काटेकोरपणे भरले जात. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात मात्र काही वर्षांनी ‘निर्लेखित’ एवढाच शब्द पडे. शिवण उसवलेला चेंडू, जाळी तुटलेली रॅकेट, पाय डगमगणारा व्हॉल्टिंग हॉर्स यांची खरेदी आणि त्यांचे निर्लेखन या दोन नोंदींच्या मध्ये ‘दुरुस्त केले’ ही नोंद क्वचितच आढळे. पुढे सेवानिवृत्तीनंतर जेव्हा शहराबाहेरच्या हमरस्त्यालगत ‘डेकॅथलॉन’ या फ्रेंच संस्थेची गोदामासारखी प्रशस्त दुकाने दिसू लागली, आणि त्यांच्या एका कोपऱ्यात सायकलींची दुरुस्ती करणारे खुले वर्कशॉप असते हे कळले, तेव्हा माझे कुतूहल साहजिकच त्या कोपऱ्याकडे वळले. तेथील व्यवस्थापकांच्या परवानगीने पुण्याजवळच्या अशा एका शाखेत मी अनेक सकाळी बसलो. या दुकानाचा इतिहास मी पुढे वाचला, पण त्याचा अर्थ मला त्या दुरुस्तीच्या टेबलापाशीच उलगडत गेला.

त्या इतिहासाचा उगम उत्तर फ्रान्समध्ये, लील शहराच्या परिसरात आहे. लील, रुबे आणि तुर्क्वँ ही एकेकाळी लोकरीच्या व कापडाच्या गिरण्यांवर भरभराटलेली गावे. रुबे हे नाव सायकलशौकिनांना ठाऊक असते ते १८९६ पासून चालत आलेल्या, फरसबंदी रस्त्यांवरून हाडे खिळखिळी करीत जाणाऱ्या पॅरिस-रुबे शर्यतीमुळे. याच रुबेमध्ये सुताच्या व्यापारातील म्युलिए घराण्याच्या जेरार म्युलिए यांनी १९६१ साली ‘ओशाँ’ या नावाने स्वयंसेवेचे दुकान काढले, आणि गिरण्यांना उतरती कळा लागत असताना त्या प्रदेशातील भांडवल हळूहळू मागाकडून दुकानदारीकडे वळले. जेरार यांचे नातलग मिशेल लक्लेर हे काही काळ त्याच ओशाँमध्ये नोकरीस होते. त्यांनी १९७६ साली लीलजवळच्या आंग्लो या गावी, ओशाँच्याच मोठ्या दुकानाच्या वाहनतळालगत, खेळाच्या साहित्याचे दुकान उघडले. दहा खेळांचे साहित्य एका छपराखाली आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील किमतीत मिळावे, हा त्यांचा संकल्प होता; दोन दिवसांत दहा प्रकार पूर्ण करावयाच्या मैदानी स्पर्धेचे नाव त्यांनी दुकानाला दिले.

आज हा संकल्प अगदी साधा वाटतो, पण त्याचे मर्म ध्यानात येण्यासाठी तत्पूर्वीच्या दुकानदारीची रीत आठवावी लागते. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात क्रीडासाहित्याची जी जुनी दुकाने आहेत, त्यांत माल काचेच्या कपाटात वा माळ्यावर असे, आणि गिऱ्हाइकाने काय हवे ते सांगितल्यावर जाणता दुकानदार तो काढून पुढे ठेवी. या पद्धतीत ज्ञानाचा मोठा साठा होता. बॅटच्या पात्यावरील रेघा पाहून आणि चेंडू हातात तोलून माल निवडून देणारे दुकानदार मी स्वतः पाहिले आहेत व त्यांच्याकडून शिकलोही आहे. परंतु ज्याला आपल्याला काय हवे हेच ठाऊक नाही, ज्याने तो खेळ कधी खेळलेला नाही, अशा नवशिक्याला त्या काउंटरसमोर उभे राहण्याचा संकोच वाटे. लक्लेर यांच्या दुकानाने काउंटरच काढून टाकला. माल मांडणीवर उघडा, किंमत ठसठशीत लिहिलेली, आणि चेंडू उडवून पाहण्यास किंवा सायकल दुकानातच फिरवून पाहण्यास मुभा. पुण्याच्या शाखेत मी पाहिले की पन्नाशी उलटलेली एक गृहिणी टेबल टेनिसची बॅट आयुष्यात प्रथमच हाती घेऊन आपल्या नातवाशी खेळत होती, आणि तिला ‘काय हवे?’ म्हणून कोणी विचारीत नव्हते. खेळाच्या दुकानात न विचारले जाण्याचे हे स्वातंत्र्य नवशिक्याला किती मोलाचे असते, हे शिक्षकाला चटकन उमगते. कारण वर्गातही जो मुलगा मागे उभा राहतो त्याला चेंडूचा कंटाळा नसतो, चारचौघांत चेंडू हातून सुटेल याची धास्ती असते.

आता वर्कशॉपकडे वळू. सायकल दुकानात येते ती पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यात, बरीचशी जोडलेली परंतु चालविण्यास सर्वस्वी अयोग्य अशा अवस्थेत: हँडल फ्रेमला समांतर वळवून बांधलेले, पुढचे चाक काढून बाजूला टेकविलेले, पेडल एका लहान डबीत. मी ज्याच्या शेजारी बसे तो कारागीर बारामतीकडचा पंचविशीतला तरुण होता. मामाच्या सायकलच्या दुकानात हात काळे करीत तो हे काम शिकला होता, आणि येथे आल्यावर गिअर व डिस्क ब्रेक यांचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले होते. खोक्यातून काढलेली गाडी तो सीटच्या दांड्याशी स्टँडच्या जबड्यात पकडून जमिनीपासून उचलून घेई, आणि मग ठरलेल्या क्रमाने कामाला लागे. प्रथम हँडल सरळ करून तो पुढचे चाक दोन पायांच्या मध्ये धरी व हँडल पिळून पाही. ते जागचे हलले नाही म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट पुरेसे आवळले गेले. बोल्ट आवळण्यासाठी त्याच्याकडे ठरावीक जोर झाला की खट् असा आवाज करणारा टॉर्क-पान्हा होता, कारण ॲल्युमिनियमच्या आट्यांना कमी जोर जसा घातक तसाच जादा जोरही घातक. मग पेडल. उजवे सरळ आट्याचे, डावे उलट्या आट्याचे.

“डावं पण सरळ आट्याचं असतं तर काय झालं असतं?” मी विचारले.

“चालवता चालवता आपोआप सैल झालं असतं, काका,” तो म्हणाला. “पेडलच्या फिरण्यानं आटा उलगडत गेला असता. उलटा आटा आहे म्हणून ते बसून राहतं.”

त्यानंतर ब्रेकचे रबर रिमपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आणणे, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या मागच्या डिरेलरचे दोन मर्यादा-स्क्रू असे बसविणे की चेन सर्वांत मोठ्या चक्रावरून स्पोकांत जाऊ नये आणि सर्वांत लहान चक्रावरून फ्रेमकडे पडू नये, मग पेडल हाताने फिरवीत प्रत्येक गिअर चढवून-उतरवून केबलचा ताण किंचित कमी-अधिक करणे, टायरवर लिहिलेल्या दाबाच्या मर्यादेत हवा भरणे, आणि सरतेशेवटी एक फेरी मारून येणे. या क्रमातील एकही पायरी तो गाळीत नसे. विकत घेणाऱ्याला या सर्व खटाटोपातले काही दिसत नाही. त्याला मांडणीवर उभी असलेली चकचकीत गाडी दिसते, आणि तिची किंमत म्हणजे लोखंडाची, रबराची आणि रंगाची किंमत असे त्याला वाटते.

डेकॅथलॉनच्या इतिहासातील निर्णायक वळण याच सायकलीशी निगडित आहे. पहिली दहा वर्षे ही संस्था दुसऱ्यांच्या कारखान्यात झालेला माल विकीत होती. अशा दुकानदाराचे नशीब कारखानदाराच्या मर्जीवर टांगलेले असते: कोणता माल द्यावयाचा, किती द्यावयाचा, केव्हा द्यावयाचा आणि कोणत्या भावाने, हे चारही निर्णय दुसऱ्याच्या दफ्तरात होतात, आणि स्वस्त विकण्याची प्रतिज्ञा करणाऱ्याला तर हे परावलंबन अधिकच जाचक होते. १९८६ साली संस्थेने स्वतःचा माल निर्माण करण्यास आरंभ केला, आणि त्यात सायकल अग्रभागी होती. त्याच वर्षी तिने जर्मनीत डॉर्टमुंड येथे फ्रान्सबाहेरचे पहिले दुकान थाटले. पुढे १९९२ मध्ये स्पेन आणि १९९३ मध्ये इटली अशी पावले पडत गेली. परंतु माझ्या मते परदेशगमनापेक्षा निर्मितीचा निर्णय अधिक महत्त्वाचा. केवळ विक्री करणाऱ्याला वस्तूतील दोष गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून कळतो, आणि तो फार तर वस्तू बदलून देतो. जो स्वतः घडवितो त्याच्याकडे तीच तक्रार पुढच्या आवृत्तीतील सुधारणेची सूचना होऊन पोचते. निदान पोचावी, अशी त्यात सोय असते.

ही सोय त्या संस्थेने पुष्कळ अंशी प्रत्यक्षात आणली असे मानण्यास आधार आहे. नव्वदच्या दशकात तिने निरनिराळ्या खेळांसाठी स्वतंत्र नावे घेतली, डोंगरभटकंतीसाठी ‘केचुआ’, पाण्यातील खेळांसाठी ‘ट्रिबोर्ड’. आणि विशेष म्हणजे त्या त्या वस्तूंची आखणी करणाऱ्यांना लीलच्या कचेरीत न बसविता जेथे तो खेळ चालतो तेथे नेऊन बसविले. डोंगराच्या साहित्याची आखणी माँ ब्लाँच्या परिसरात, समुद्राच्या साहित्याची अटलांटिकच्या किनाऱ्यावरील आंदाय येथे. २००५ साली बाजारात आलेला, हवेत भिरकावताच आपोआप उभा राहणारा तंबू आणि २०१४ साली आलेला, नाकातोंडाने स्वाभाविक श्वास घेत पाण्याखाली पाहता येणारा पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा हे या पद्धतीचे गाजलेले फलित. नवशिक्याला अडणारी नेमकी जागा हेरून वस्तूची आखणी केलेली असल्याचे या दोन्हींत दिसते. तंबू उभारणे ज्याला जमत नाही आणि तोंडात नळी धरून श्वास घेण्याची ज्याला भीती वाटते, त्याच्यासाठी या वस्तू झाल्या आहेत. २०२० साली महामारीने उत्तर इटलीतील रुग्णालये भरून वाहू लागली, तेव्हा ब्रेशियाच्या एका लहान अभियांत्रिकी संस्थेने याच मुखवट्याला त्रिमितीय छपाईने बनविलेली झडप जोडून तो प्राणवायू देण्याच्या कामी आणण्याची योजना केली, आणि डेकॅथलॉनने मुखवट्याचा आराखडा त्यांच्या हवाली केला. वस्तूचा आराखडा आपल्याच दफ्तरात असल्यामुळे तो देता आला. नुसत्या विक्रेत्याजवळ द्यावयास आराखडा नसतो.

सायकलींच्या बाबतीत तर संस्थेने २०१० साली लील शहरातच सिगारेटच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी ‘बीट्विन व्हिलेज’ उभारले. आखणी, जुळणी, विक्री आणि दुरुस्ती ही एकमेकांपासून दूर गेलेली कामे तेथे एका आवारात आली. अगदी अलीकडे, २०२४ पासून, या संस्थेचे नाव एका व्यावसायिक सायकलसंघाच्या नावात झळकू लागले असून तिच्याच ‘व्हॅन रायसेल’ सायकलींवर स्वार होऊन तो संघ टूर द फ्रान्समध्ये धावला. आंग्लोच्या वाहनतळावरून निघालेल्या दुकानदारीने अर्धशतकाच्या आत जगातील सर्वांत खडतर शर्यतीत स्वतः घडविलेले वाहन उतरवावे, ही गोष्ट कोणत्याही कारागिराला अभिमान वाटावा अशी आहे.

परंतु मला त्या वाहनापेक्षा एका साध्या, वापरून जुन्या झालेल्या सायकलचे मागचे चाक अधिक शिकवून गेले. एका कॉलेजविद्यार्थ्याने ती गाडी खड्ड्यात आदळवून आणली होती; चाक फिरताना डावीउजवीकडे झोल खात होते, आणि रिम एका ब्रेकच्या रबराला घासून थांबत होती. चाक बदलून घ्यावे लागणार अशी त्याची समजूत होती. कारागिराने ते फिरवून, रबर आणि रिम यांच्या फटीवर नजर ठेवून, झोलाची जागा खडूने खुणावली आणि म्हणाला, “चाक चांगलं आहे. फक्त आउट काढायला लागेल.”

आउट काढण्याची क्रिया पाहण्यास अत्यंत साधी आणि करण्यास अत्यंत नाजूक असते. सायकलच्या चाकातील बारीक तारा, म्हणजे स्पोक, एकाआड एक हबच्या डाव्या व उजव्या कडेला अडकविलेले असतात. रिम उजवीकडे झुकली असेल तर त्या जागचे डावे स्पोक थोडे आवळावयाचे किंवा उजवे थोडे सैल करावयाचे. पण एक स्पोक आवळला की त्याचा परिणाम शेजारच्या चार स्पोकांवर होतो, आणि झोल गेला म्हणावे तो चाक उंचसखल फिरू लागते. म्हणून तो स्पोकच्या टोकाचे निपल पान्ह्याने पाव वळसा फिरवी, चाक फिरवून पाही, पुन्हा पाव वळसा. मधूनच तो दोन दोन स्पोक जोडीने मुठीत धरून दाबी, जेणेकरून पिळलेल्या तारा आपल्या जागी स्थिर व्हाव्यात. आणि बोटाने त्या छेडून कान देई, कारण एका बाजूच्या सर्व तारांचा ताण सारखा असेल तर त्यांचा नादही जवळजवळ सारखा निघतो. मागच्या चाकात दातेरी चक्रांसाठी उजवीकडे जागा सोडावी लागत असल्याने उजव्या तारा डाव्यांपेक्षा अधिक ताणलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे नाद वेगळे ऐकावे लागतात. हे चाक इतक्या बारीक तारांवर माणसाचे वजन कसे पेलते, याचे उत्तरही त्या ताणातच आहे. वजन पडते तेव्हा जमिनीलगतच्या तारांचा ताण किंचित कमी होतो, एवढेच. जोवर तो ताण संपूर्ण नाहीसा होत नाही तोवर चाक आपला आकार सोडीत नाही. सैल तारांचे चाक लवकर मोडते ते यामुळे.

काम आटोपले तेव्हा रिम रबरांच्या मधून न घासता फिरत होती, आणि नव्या चाकाचा खर्च वाचला होता. त्या विद्यार्थ्याने गाडी नेताना तासाभराच्या मजुरीचे पैसे दिले. दुकानाच्या दृष्टीने पाहिले तर नवे चाक विकणे अधिक फायद्याचे होते. परंतु तो मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलवर बसू शकला, आणि खेळाच्या दृष्टीने पाहिले तर याहून मोठा फायदा दुसरा नाही.

हिंदुस्थानात या संस्थेचा प्रवेश सरकारी नियमांच्या चौकटीतून, टप्प्याटप्प्याने झाला. २००९ साली बंगळुरूमध्ये तिने पहिले दुकान काढले ते घाऊक विक्रीच्या तत्त्वावर, कारण त्या वेळच्या धोरणानुसार अशा परदेशी कंपनीला किरकोळ विक्रीची दारे पूर्ण उघडी नव्हती. २०१२ साली एकाच नाममुद्रेचा माल विकणाऱ्या किरकोळ व्यापारात संपूर्ण परदेशी मालकीस मुभा मिळाली. मात्र परदेशी हिस्सा निम्म्याच्या वर गेल्यास मालापैकी निदान तीस टक्के माल याच देशात खरेदी केला पाहिजे, अशी अट त्याबरोबर आली. डेकॅथलॉनला अशी परवानगी २०१३ मध्ये मिळाली आणि त्यानंतर तिची दुकाने देशभर झपाट्याने वाढली. महाराष्ट्रात मुंबई-ठाणे आणि पुणे परिसरातील लोकांना ती आता सवयीची झाली आहेत. जगभर तिच्या दुकानांची संख्या आज सतराशेच्या वर आहे. तीस टक्क्यांच्या त्या अटीवर तेव्हा पुष्कळ वादंग झाला, परंतु ज्या कोणाला स्थानिक कारागिरीची चाड आहे त्याने तिचे महत्त्व ओळखले पाहिजे. वस्तू जेथे विकली जाते तेथेच तिचे काही भाग बनत असतील, तर ते भाग बनविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे ज्ञानही तेथेच रुजते.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला हिशेबाची खिडकी आहे, आणि तेथील व्यवस्था पाहून जुन्या काळचा कोणताही मुनीम थक्क झाला असता. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीत रेडिओलहरींना प्रतिसाद देणारी सूक्ष्म खूण असते. गिऱ्हाइकाने बूट, मोजे, चेंडू सर्व काही एका चौकोनी कुंडीत ठेवले की क्षणार्धात एकूण एक वस्तूची नोंद पडद्यावर उमटते, आणि याच खुणांमुळे दुकानातील सारा साठा थोड्या वेळात मोजता येतो. जडसंग्रह तपासण्यासाठी ज्याने उन्हाळ्याच्या सुटीत एक एक लेझीम आणि एक एक डंबेल मोजून खुणा केल्या, त्याला या सोयीचे मोल सांगावे लागत नाही. तथापि ती कुंडी विकलेल्या नगांची मोजदाद करते. त्यांपैकी किती वस्तू वर्षभरानंतरही वापरात आहेत, आणि किती माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत, हे ती सांगू शकत नाही. ते ज्ञान दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, त्या स्टँडपाशी जमा होत असते.

एका रविवारी तेथे एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी सायकल घ्यावयास आले होते. त्यांना चोवीस इंची चाकांची गाडी हवी होती. मुलगी वाढत्या अंगाची, दोन वर्षांत लहान गाडी पुरणार नाही, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे शाळेचा गणवेश आणि पायातले बूट याच न्यायाने घेतले जातात. कारागिराने मुलीला त्या गाडीवर बसविले, तेव्हा तिच्या पायांची फक्त बोटे जमिनीला टेकली आणि ब्रेकच्या मुठीपर्यंत हात ताणावा लागला. मग त्याने वीस इंची गाडी आणली, सीट खाली घेतली, ब्रेकच्या मुठी तिच्या बोटांच्या आवाक्यात येतील अशा स्क्रू फिरवून जवळ केल्या आणि म्हणाला, “ताई, आता दोन्ही ब्रेक दाबून दाखव.” तिने दाबले. तो वडिलांकडे वळून एवढेच बोलला, “साहेब, मोठी गाडी घेतलीत तर पहिलं वर्ष ही भीतभीत चालवील, आणि ज्या गाडीची भीती बसली ती मूल पुन्हा बाहेर काढत नाही.” लहान गाडीची किंमत कमी होती, म्हणजे दुकानाचे उत्पन्न कमी करणारा सल्ला त्या दुकानाच्याच नोकराने दिला होता. ते गृहस्थ क्षणभर विचारात पडले आणि लहान गाडी घेऊन गेले. अनेक वर्षांच्या शिक्षकी अनुभवाने मला जे सांगता आले असते ते त्या तरुणाने एका वाक्यात सांगितले, आणि ते त्याला कळले होते परत आलेल्या गाड्या पाहून.

अशा विस्तृत व्यापाराविषयी काही प्रश्न मनात राहतात, आणि ते विचारले पाहिजेत. दूरच्या देशांतील कारखान्यांत स्वस्त माल तयार होतो तेव्हा त्या स्वस्ताईचा किती भाग कुशल आखणीतून आणि किती भाग कामगाराच्या तुटपुंज्या मजुरीतून आला, हे गिऱ्हाइकाला किमतीच्या चिठ्ठीवरून कळत नाही. शिवाय माल इतका स्वस्त झाला की दुरुस्तीपेक्षा नवी खरेदी सोपी वाटू लागते, आणि ज्या स्वस्ताईने खेळाची पायरी खाली आणली तीच वस्तूविषयीची आस्थाही खाली आणते. या संस्थेने अलीकडे वापरलेल्या वस्तू परत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा जो उपक्रम वाढविला आहे, त्याचे मी मनापासून स्वागत करतो, परंतु त्याची कसोटी दुकानाच्या पाट्यांवरून व्हावयाची नाही. सुटे भाग किती वर्षे मिळत राहतात, ते गावातल्या साध्या सायकलवाल्यालाही मिळतात की नाही, आणि त्या स्टँडपाशी उभ्या असलेल्या तरुणाला विक्रेत्याइतकाच मान व मोबदला मिळतो की नाही, यावरून ती होईल. पुण्यासारख्या, एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या गावात चौकाचौकांतून ओव्हरहॉलिंग करणारे जे कारागीर होते, त्यांची विद्या अशा दुकानांनी आपल्यात सामावून घ्यावी आणि बाहेर उरलेल्यांना तिचे नवे धडेही द्यावेत, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

या दुकानाच्या अर्धशतकाच्या वाटचालीतून मला जे उमगले ते असे. विक्रीने खेळ लोकांच्या हाती येतो, निर्मितीने तो त्यांच्या हाताला साजेसा होतो, आणि दुरुस्तीने तो त्यांच्या हाती टिकतो. यांपैकी पहिल्या दोहोंसाठी मोठमोठी भांडवले लागतात, तिसऱ्यासाठी एक स्टँड, काही पान्हे आणि ते वापरणारा जाणता माणूस पुरतो. म्हणूनच जे काम दुकानाला परवडते ते शाळेला परवडत नाही असे म्हणण्यास काही कारण नाही. क्रीडासाहित्याच्या खरेदीसाठी आपण तीन तीन दरपत्रके मागवितो, मंजुरी घेतो, लेखापरीक्षणाला उत्तरे देतो. त्याच मंजुरीत दरसाल एक ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवावी, रॅकेटला जाळी भरणे, चेंडू शिवणे, चाकाचा आउट काढणे ही कामे कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडूनच करवून घ्यावीत, आणि गावातल्या सायकलवाल्याला त्यासाठी मानधन देऊन शाळेत बोलवावे. ज्या मुलाने आपल्या हाताने एक चाक सरळ केले आहे तो पुढे कोणत्याही दुकानात गेला तरी वस्तूकडे जाणत्याच्या नजरेने पाहील. आणि जडसंग्रह नोंदवहीत खरेदी व निर्लेखन यांच्या मध्ये ‘दुरुस्ती’चा एक स्वतंत्र रकाना आखण्यास कोणत्याही वरिष्ठ कचेरीच्या परवानगीची गरज नाही, पट्टी आणि लेखणी घेऊन मुख्याध्यापकांनी तो उद्याच आखावा.